गोर्याच्किनानंतर देशमुख

सकाळी ९

२८ जुलै २०२५, श्रावणातला पहिला सोमवार. उपास असल्याने तर्री-पोहे नाहीत. साबुदाण्याची खिचडी, चहा आणि समोर आजची वर्तमानपत्रं. मँचेस्टरची कसोटी काल अनिर्णित सुटली, त्यामुळे क्रीडापानांवर गिल, जडेजा आणि वॉशिंग्टन सुंदर यांची शतकं. नागपूर मात्र क्रिकेटच्या गोष्टी करायच्या मनःस्थितीत नाही. दूध घालायला आलेल्यानेही विचारलं, ‘‘काय म्हणते भाऊ, आज जिंकते नं आपली पोरगी?’’

आपली पोरगी म्हणजे दिव्या देशमुख, वय वर्षं १९. जॉर्जियातल्या बातुमी शहरात महिलांच्या बुद्धिबळ विश्वचषकाची अंतिम फेरी चालू आहे आणि समोर कोनेरू हम्पी. शनिवार-रविवारचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. आज टायब्रेक. बातुमीचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, म्हणजे निकाल पानं लागायच्या आत यायला हरकत नाही.

मी क्रीडा डेस्कवर उपसंपादक. बातमी वार्ताहर लिहील, मुलाखती शहरातली टीम आणेल. माझ्याकडे आहेत चौकटी. त्यातली एक ठरलेलीच : ‘यापूर्वीच्या विजेत्या’. ही स्पर्धा २०२१ साली सुरू झाली, म्हणून यादी दोनच नावांची. २०२१, सोची : अलेक्सांद्रा कोस्तेन्यूक. २०२३, बाकू : अलेक्सांद्रा गोर्याच्किना. सोचीच्या अंतिम फेरीत हरलेली गोर्याच्किना दोन वर्षांनी बाकूत जिंकली. चौकट दहा ओळींची आहे, पण दिवसभराचा सगळ्यात किचकट भाग हाच. ही दोन नावं मराठीत कशी छापायची यावर समोरच्या वर्तमानपत्रांचं एकमत नाही. कोस्टेनिक, कोस्तेनियुक, कॉस्टेन्यूक. गोरियाचकिना, गोर्यचकीना. वाचणाऱ्याला वाटावं, स्पर्धा पाच-सहा जणींनी जिंकली.

सकाळी ११

घोळ कुठे होतो ते ठाऊक आहे. रशियन नाव आपल्याकडे थेट येत नाही. ते आधी रोमन लिपीत जातं, एजन्सीच्या इंग्रजी कॉपीतून डेस्कवर येतं आणि मग आपण त्या स्पेलिंगचं देवनागरी करतो. रोमन लिपी ही मधली दलाल, आणि दलाली दोन्हीकडून कापते. रशियन वर्णमालेत ३३ अक्षरं, रोमनमध्ये २६. जे मावत नाही ते दोन-दोन, चार-चार अक्षरं जोडून भागवलं जातं, आणि जोडायची पद्धत इंग्रजांची वेगळी, फ्रेंचांची वेगळी, जर्मनांची वेगळी.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण बुद्धिबळातच आहे. इयान नेपोम्नियाची, ज्याने २०२१ मध्ये दुबईत कार्लसनशी आणि २०२३ मध्ये अस्तानात डिंग लिरेनशी जगज्जेतेपदाची लढत खेळली आणि दोन्ही गमावल्या. त्याचं आडनाव रशियनमध्ये १० अक्षरांचं आहे. रोमनमध्ये ते १४ अक्षरांचं होतं, कारण तीन उभे दांडे आणि खाली शेपूट असलेलं एक रशियन अक्षर लिहायला फ्रेंच पद्धतीत पाच अक्षरं खर्च होतात. सोव्हिएत काळात पासपोर्टवर नावं फ्रेंच वळणाने लिहायची रीत होती, तीच या स्पेलिंगमध्ये उरली आहे. इंग्रजी समालोचक त्या पाच अक्षरांशी झटापट करून शेवटी ‘नेपो’ म्हणून सुटका करून घेतात. खरा उच्चार साधारण ‘निपोम्निश्शी’, जोर ‘पोम’वर. आपल्या जिभेला त्यात काही जड नाही. देवनागरीत ते मोजक्याच अक्षरांत बसतं.

म्हणून माझी सकाळ मूळ रशियन नाव शोधण्यात जाते. मला ती भाषा येत नाही, पण तिची अक्षरं ओळखता येतात, आणि एवढ्या कामाला तेवढं पुरतं. कोस्तेन्यूकच्या रोमन स्पेलिंगमध्ये शेवटाकडे ‘आय’ आणि ‘यू’ शेजारी शेजारी दिसतात, म्हणून कोणी ‘नियुक’ करतं तर कोणी ‘निक’. रशियनमध्ये तिथे एकच अक्षर आहे, ‘यू’चं, आणि त्याच्याआधीचा ‘न’ त्याला चिकटून ‘न्यू’ होतो. गोर्याच्किनातही ‘र्या’ हा एकच झटका आहे, ‘रिया’ नव्हे. आचार्य लिहिणाऱ्या माणसाला ‘र्य’ शिकवायला लागत नाही.

दुपारी १

अक्षर कळलं तरी आवाज कळतोच असं नाही. आमच्या गल्लीतली एक मुलगी रशियात एमबीबीएस करून आली आहे. विदर्भातली बरीच मुलं तिकडे जातात, त्यातली ही. फोन लावला.

‘‘काका, तुम्ही लिहिता तसं कोणी म्हणत नाही तिकडे. ज्या ‘ओ’वर जोर नाही त्याचा ‘अ’ होतो. गर्याच्किना. कस्तिन्यूक, शेवटी जोर. मॉस्कोला मस्क्वा म्हणतात.’’

‘‘आणि शेवटचा व्ह?’’

‘‘फ. कार्पफ, कस्पारफ. आमच्या सरांचं आडनाव मी वर्षभर चुकीचं म्हणत होते, पण ते बिचारे काही बोलले नाहीत.’’

मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मराठी माणसाला पटकन कळेल. रशियन माणसाचं नाव तीन पदरी असतं : स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, आणि क्रमही हाच. फरक इतकाच की वडिलांच्या नावाला प्रत्यय लागतो, मुलाला ‘ओविच’, मुलीला ‘ओव्ना’. कोस्तेन्यूकचं पूर्ण नाव अलेक्सांद्रा कोन्स्तान्तिनोव्ना, म्हणजे कोन्स्तान्तिनची मुलगी. तिकडे शिक्षकांना आडनावाने हाक मारत नाहीत. स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव मिळून हाक मारली की आदर झाला. आपण ‘सर’ म्हणून जे दोन अक्षरांत उरकतो त्याला तिथे सात-आठ अक्षरं लागतात. पहिल्या सेमिस्टरला तिला औषधांपेक्षा प्राध्यापकांची नावं पाठ करायला जास्त वेळ लागला म्हणे.

दुपारी ३

ऑफिस. मिटिंगमध्ये पहिल्या पानावरून ओढाताण. लोकसभेत आज ऑपरेशन सिंदूरवर चर्चा सुरू झाली आहे, ती सोडता येत नाही. ठरलं असं : दिव्या जिंकली तर पहिलं पान तिचं, चर्चा खाली. हरली तर उलट.

मिटिंगनंतर मुद्रितशोधकांच्या टेबलाशी जातो. ते निवृत्तीनंतरही येतात, कारण त्यांच्याशिवाय पान सोडायला कुणाचा हात धजत नाही. ‘ओ’चा ‘अ’ करायचा का, ‘व्ह’चा ‘फ’ करायचा का, हा माझा प्रश्न. त्यांनी चष्मा वर केला.

‘‘तुम्ही घरी डोळ्याले काय म्हणता?’’

‘‘डोया.’’

‘‘आणि छापता?’’

प्रश्न तिथेच निकालात निघाला. वऱ्हाडी-नागपुरी बोलीत शाळेची शाया होते आणि डोळ्याचा डोया, पण ‘ळ’ छापण्यातून कुणी काढला नाही. रशियनांचंही तसंच. ते लिहितात ‘ओ’, बोलतात ‘अ’. छापताना त्यांनी लिहिलं ते घ्यायचं, मोठ्याने वाचताना ते बोलतात ते. आकाशवाणीवर ‘गर्याच्किना’ शोभेल, पानावर ‘गोर्याच्किना’. दोन्ही बरोबर आहेत. चूक आहे ते तिसरं, इंग्रजी स्पेलिंगवरून उगवलेलं.

ते जुन्या आठवणीत शिरले. १९५५च्या फेब्रुवारीत भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार झाला तेव्हा भिलाई मध्य प्रदेशात होतं आणि त्या मध्य प्रदेशाची राजधानी होती नागपूर. त्याच वर्षाअखेरीस ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतात आले. ‘‘आमच्या आधीचे कंपोझिटर सांगत, ख्रुश्चेव्हचा ‘श्च’ जुळवायला त्रास नव्हता. ‘निश्चय’ आणि ‘पश्चिम’साठी तो खिळा केसमध्ये होताच.’’

पण त्या नावाचा शेवट आपल्याकडे पहिल्यापासून चुकला, आणि त्याला कारण आहेत दोन ठिपके. रशियन ‘ए’वर दोन ठिपके दिले की तो ‘यो’ होतो. छपाईत ते ठिपके बहुधा गाळले जातात, कारण रशियन वाचक संदर्भाने ओळखतो. रोमनमध्ये आणणाऱ्याला मात्र नुसता ‘ए’ दिसतो. त्यामुळे ख्रुश्चोफचा ख्रुश्चेव्ह झाला आणि गर्बाचोफचा गोर्बाचेव्ह. तीस वर्षांच्या अंतराने दोन सोव्हिएत नेत्यांच्या नावात एकच चूक, आणि दोन्ही आता इतक्या रुळल्या आहेत की दुरुस्त केल्या तर वाचक फोन करून आपलीच चूक काढेल.

दुपारी साडेचार

टायब्रेक सुरू झाला. डेस्कवर एका स्क्रीनवर पट, दुसऱ्यावर कॉपी. जलद डाव असले तरी खेळाडू विचार करतात तेव्हा बघणाऱ्याला काम नसतं, आणि काम नसलं की डेस्कवर गप्पा. आज विषय आडनावांच्या अर्थाचा.

रशियन आडनावातला ‘ओव्ह’ हा आपला ‘चा’. इवानोव्ह म्हणजे इवानचा. खेड्यात अनोळखी पोराला म्हातारी माणसं विचारतात, ‘‘कोनाचा आहेस गा?’’ त्याचं उत्तर रशियात आडनाव बनून बसलं. ‘स्की’चं काम पुष्कळदा आपल्या ‘कर’सारखं : व्याझ्माचे ते व्याझेम्स्की, जसे उमरेडचे उमरेडकर. धंद्यांवरून तर रांगच लागते. कुझ्नेत्सोव्ह लोहाराचा, गोन्चारोव्ह कुंभाराचा, प्लोत्निकोव्ह सुताराचा, त्काच्योव्ह विणकराचा, म्हणजे आपला कोष्टी.

पण डेस्कला खरी मजा आली ती टोपणनावांत. व्होल्क म्हणजे लांडगा, म्हणून व्होल्कोव्ह हे लांडगे. कोझ्योल म्हणजे बोकड, कोझ्लोव्ह हे शेळके. गोर्बाच म्हणजे कुबड असलेला, तेव्हा गोर्बाचेव्ह हे सरळसरळ कुबडे, आणि कुबडे तर आमच्याच जाहिरात विभागात आहेत. गॉर्की म्हणजे कडू. हे आडनाव विदर्भात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. अर्थात गॉर्की हे त्या लेखकाने घेतलेलं नाव, खरं आडनाव पेश्कोव्ह. आणि ‘पेश्का’ म्हणजे बुद्धिबळातलं प्यादं. पुश्किनमधली ‘पुश्का’ म्हणजे तोफ, आपल्याकडे तोफखाने आहेतच. मेद्वेदेव्हमधलं ‘मेद्वेद’ म्हणजे अस्वल, शब्दशः मध खाणारा. त्यातला ‘मेद’ आणि आपला ‘मधु’ एकाच मुळातले.

नेपोम्नियाचीचा अर्थ ‘न आठवणारा’. सैबेरियातून पळालेले कैदी पकडले गेले की नाव-गाव सांगत नसत, आठवत नाही एवढंच म्हणत, आणि दप्तरात त्यांची नोंद तशीच होई. त्या नोंदीवरून हे आडनाव आलं असं सांगतात. जगज्जेतेपदाच्या लढतीपर्यंत पोचलेल्या माणसाला शेकडो सुरुवातींच्या चाली पाठ असाव्यात आणि आडनाव मात्र विस्मरणाचं. त्यातलं ‘म्न’ आणि आपलं ‘मन’ही मुळात एकच.

आणि गोर्याच्किना? ‘गोर्याच्का’ म्हणजे ताप, तापट माणसालाही म्हणतात. कोस्तेन्यूकच्या मुळाशी कोस्त्या, म्हणजे कोन्स्तान्तिनचं लाडाचं नाव. शेवटचा ‘यूक’ युक्रेनी वळणाचा, ‘त्याचा मुलगा’ अशा अर्थाचा.

हे छापायचं नाही. कुणाच्या विजयाच्या चौकटीत ‘श्रीमती तापट’ लिहायची पद्धत नाही, जशी ‘देशमुख म्हणजे परगण्याचा प्रमुख’ अशी टीप उद्या मॉस्कोत कुणी लिहिणार नाही. पण अर्थ कळला की नाव कुठे जोडलं आहे ते कळतं. त्याचा उपयोग रात्री होतो, नाव ओळीच्या शेवटी तोडायची वेळ आली की.

संध्याकाळ

पहिला जलद डाव बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. डेस्कवर कोणी बसलेलं नाही. हम्पीच्या हातून चूक होते, वेळ संपत येतो, आणि दिव्या जिंकते. अडीच विरुद्ध दीड. पटासमोरच ती रडू लागते. आमच्या इथेही दोघा-तिघांना एकदम सर्दी झाली.

पाच मिनिटांनी सगळे टाइप करायला बसले. विश्वविजेती. थेट ग्रँडमास्टर. देशातली ८८वी, भारतीय महिलांत चौथी : हम्पी, हरिका, वैशाली, दिव्या. नागपूरचे रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता आधीच ग्रँडमास्टर आहेत, त्यांची स्वतंत्र चौकट.

हम्पीच्या चौकटीत मी एक वाक्य घातलं. तिच्या वडिलांनी ‘चॅम्पियन’ शब्दावरून नाव ठेवलं होतं हंपी, आणि पुढे ते रशियन नावासारखं वाटावं म्हणून स्पेलिंग बदलून हम्पी केलं. बुद्धिबळात रशियन नावाचा दबदबाच तसा होता. बापाने मुलीच्या नावाला रशियन पेहराव चढवला. कोनेरू हे आडनाव, आंध्रच्या रीतीने पुढे. त्यामुळे मथळ्यात ‘देशमुखची कोनेरूवर मात’ की ‘दिव्याची हम्पीवर मात’ असा प्रश्न आला. दुसरं ठरलं. नागपुरात तिला देशमुख कोण म्हणतं!

रात्री ८

पान लावणारा ऑपरेटर हाक मारतो. ‘‘भाऊ, हे नाव एका ओळीत बसत नाही नं. तोडू का?’’

कॉलम अरुंद आहे. त्याने ‘गोर्याच्-किना’ असं तोडलं होतं. ‘गोर्याच-किना’ कर म्हटलं, ओळीच्या शेवटी पाय मोडलेलं अक्षर लोंबकळू नये. शेजारच्या पानावर टेनिसच्या बातमीत कुणीतरी ‘मेद्वेदेव्हा’ पुरुषाला लावलं होतं, ते काढलं. रशियन आडनाव बाईला वेगळं आणि बुवाला वेगळं असतं. शारापोव्हाचे वडील शारापोव्ह. गोर्याच्किनाचे वडील गोर्याच्किन. आपल्याकडेही बोलण्यात पाटलीण, देशमुखीण होत्याच, कागदावर त्या फारशा आल्या नाहीत. कोस्तेन्यूक मात्र बाई असो की बुवा, बदलत नाही. तिला ‘कोस्तेन्युका’ करू नये.

देवनागरीचाही एक अडसर आहे, तो इंग्रजीवर ढकलता येत नाही. मराठीत ‘च’ दोन आहेत, चाकातला आणि चहातला. ‘झ’ही दोन, झाडातला आणि झेंड्यातला. रशियनमध्येही असेच जोडीचे आवाज आहेत, पण त्यांना अक्षरं वेगवेगळी आहेत. झुकोव्हचा झेंड्याकडे झुकतो, झायत्सेव्हचा झाडातला. आपण दोन्हीला एकच अक्षर लिहितो आणि वाचणाऱ्यावर सोडतो. ‘त्स’ लिहून एक अडचण सुटते, ‘झ’ची सुटत नाही. ‘ख’चंही तेच : ख्रुश्चेव्हचा ख खरातला नाही, मोमीनपुऱ्यात उर्दू ‘खबर’ म्हणताना घशातून घासून निघतो तो.

चौकटीत एक रकाना होता, ‘देश’. तो काढून टाकला. कोस्तेन्यूक आता स्वित्झर्लंडकडून खेळते आणि गोर्याच्किना फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या झेंड्याखाली. नाव, वर्ष, ठिकाण एवढंच ठेवलं.

रात्री १०

डाक आवृत्ती सुटली. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या गाड्या आधी निघतात. आता शहर आवृत्तीपर्यंत थोडी उसंत. वरिष्ठांनी सांगितलं, ‘‘रोज भांडता त्यापेक्षा लिहून टाका.’’ डेस्कच्या ग्रुपवर टाकलं :

टॉलस्टॉय, चेखव, गॉर्की, गोर्बाचेव्ह, मॉस्को ही रुळलेली नावं जशीच्या तशी. नवं नाव आलं की इंग्रजी स्पेलिंगवरून लिहायचं नाही, मूळ रशियन बघायचं, ते मिळायला आता मिनिटही लागत नाही. ‘ओ’ला ‘ओ’, शेवटच्या ‘व्ह’ला ‘व्ह’. ठिपक्यांचा ‘यो’ नव्या नावात पाळायचा. बाईचं आडनाव बाईचंच ठेवायचं, बुवाचं बुवाचं. आणि एका अंकात एका माणसाचं एकच नाव.

मुद्रितशोधकांनी शेवटचं वाक्य दोनदा अधोरेखित करायला लावलं. बाकीचे नियम चुकले तर भाषेच्या जाणकाराला खुपतील, हा चुकला तर साध्या वाचकाला माणूसच सापडणार नाही.

रात्री साडेबारा

शहर आवृत्तीचं पहिलं पान सुटलं. आठ कॉलमी दिव्या. उद्या नागपंचमी, प्रेसमधली मंडळी लवकर घरी जायच्या घाईत.

डेस्कवर नुकताच लागलेला पोरगा अजून स्क्रीनसमोर आहे. रशियन वृत्तस्थळांवर दिव्याची बातमी आली आहे, आणि त्यांनी देशमुख कसं लिहिलं ते त्याला बघायचं आहे. ‘‘सर, ‘ख’साठी दोन अक्षरं लावली त्यांनी. क आणि ख.’’ लावणारच. त्यांच्याकडे महाप्राण नाहीत. ‘ह’ही नाही, म्हणून नेहरूंचं त्यांनी नेरू केलं आणि हिटलरचं गित्लेर. आणि वाचताना ‘मुक्ख’सारखं काहीतरी म्हणतील.

‘‘मग त्यांना कळवायचं का?’’ पोरगा गंभीर आहे.

कळवायची गरज नाही. पुढच्या विश्वचषकाला त्यांच्या डेस्कवर ‘यापूर्वीच्या विजेत्या’ची चौकट लागेल. त्यात तिसरं नाव देशमुख असेल, आणि विदर्भात शिकून गेलेलं कुणी गल्लीत सापडतं का, हे शोधायची पाळी त्यांची.